वासाचा रकाना

सोमवार, ४ मार्च

आज पहाटे दिवा लावला, नामस्मरण झालं, दाढी केली आणि आरशाशेजारच्या फळीवरची बाटली घेऊन डोक्याला तेल लावलं. चांगलं मुरवून, नीट भांग पाडला. मग हॉटेलात जाऊन बारा जणांना तासभर 'आपण पोचण्याआधी आपला वास पोचता कामा नये' हा धडा शिकवला. धडा रंगला असं वाटलं. पुढच्या रांगेतले दोघे तर डोळे पुसत होते.

संध्याकाळी घरी आलो तर बायको फळीपाशी उभी.

"माझं गुडघ्याचं तेल कुणी संपवलं?"

"कुठलं गुडघ्याचं?"

तिने बाटली दाखवली. मी माझ्या डोक्याला हात लावला. ती जवळ आली आणि दोन पावलं मागे सरकली.

"हे डोक्याला लावून तुम्ही दिवसभर हिंडलात? अहो, या वासाने शेजारची मांजर आपल्या गच्चीवर यायची बंद झालीय!"

"सर्दी आहे जरा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. बाटली कपाटात आत ठेवून दिली.

या वहीत तरी खरं लिहितो. मला वास येत नाही. आठ महिन्यांपूर्वी ताप आला, तापाबरोबर वास गेला आणि ताप उतरला तरी तो परतला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. एवढं तर मीही सांगू शकलो असतो.

दुसऱ्या कुणाचं हे झालं असतं तर चाललं असतं. पण बावीस वर्षं मी हॉटेलच्या कपड्यांच्या कोठीत काढली ती नाकाच्या जोरावर. चादर उन्हात वाळली की यंत्रात, टॉवेल घडी घालताना पुरता सुकला होता की नाही, हे मी डोळे मिटून सांगायचो. 'मास्तरांचं नाक' अशी म्हणच होती. म्हणून तर मॅनेजरसाहेबांनी मला वर आणून सगळ्यांना नीटनेटकेपणा शिकवायचं काम दिलं. नेमणूक झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ताप आला.

देवाला वाहायचं फूल हुंगू नये, असं आई सांगायची. आठ महिन्यांत माझ्या हातून ते पाप घडलेलं नाही. एवढीच काय ती जमेची बाजू.

गुरुवार, ७ मार्च

रोज सकाळी सहा चाळीसला तळघरातल्या बोळात ओळ लागते. माणसं कपाटांकडे पाठ करून उभी राहतात, मी समोरून जातो. प्रत्येकाच्या कार्डावर पाच रकाने: केस, नखं, कॉलर, बूट, वास. ठीक असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल शेरा. पहिले चार रकाने डोळ्यांचे आहेत, त्यात मी कुणाला हार जाणार नाही. गावच्या शाळेत गुरुजी दर सोमवारी आमची नखं बघायचे आणि नखांवरून काल कोण शेतात राबलं आणि कोण तळ्याकाठी उंडारलं ते सांगायचे. ती विद्या मी त्यांच्याकडूनच उचलली.

पाचव्या रकान्याला मात्र डोळ्यांनाच नाकाचं काम करावं लागतं. कॉलर ओली दिसली तर घाम. शेजारचे अंतर राखून उभे असतील तर शंकाच नको. आठ महिन्यांत एकदाही चूक झालेली नाही. हे सांगताना लाज वाटते आणि, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वाटतो.

माझ्यामागून मजल्यांच्या मुख्य बाई कार्डं घेऊन चालतात. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही. बिचाऱ्यांना खोकल्याचा त्रास आहे. अख्ख्या ओळीत दोन-तीन ठिकाणीच उबळ येते. तिथे धूळ असावी. योगायोग असा, की ताई खोकल्या की मलाही समोरच्या माणसाकडे नीट बघावंसं वाटतं आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच. सोमवारी तर त्या माझ्या शेजारी पूर्ण तासभर खोकत होत्या.

आज त्यांना म्हटलं, "ताई, कोमट पाण्यात मध घेऊन बघा."

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्ही या कामावर आहात तोवर हा खोकला काही जायचा नाही."

कामाचा ताण त्यांनाही जाणवतो तर.

सोमवार, ११ मार्च

आजचा वर्ग चांगला झाला. दाढी उलट्या दिशेने ओढू नये, अत्तर कपड्यांवर उडवू नये, पाहुण्याशी बोलताना केसांना हात लावू नये. दरवाज्यावरच्या मिशीवाल्या काकांना मिशीची टोकं कातरायला सांगितली, तर ते म्हणाले, "मास्तर, टोकं गेली तर पाहुणे मला ओळखणार कसे? दार उघडायला तर यंत्रसुद्धा आहे." टोकं राहिली.

तीन आठवड्यांपूर्वी एक बाई कामाला लागल्या आहेत. आधी हातमोज्यांच्या कारखान्यात होत्या, म्हणून सगळे त्यांना मोजेवाली म्हणतात. पस्तिशीच्या. सध्या न्याहारीच्या दालनात वाढतात, पण स्वागतकक्षात घ्यायच्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव आहे. यादी तीस तारखेला पक्की होणार. त्या महिन्यात कार्डावर एकही लाल शेरा नको, हा साहेबांचा नियम.

शिकायला हुशार. प्रश्नही असे विचारतात की वर्ग जागा राहतो.

"सर, चेहऱ्यावर हसू ठेवायचं म्हणता, ते पाहुणा वळला की लगेच काढायचं की लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ठेवायचं?"

"दार बंद होईपर्यंत."

"आणि लिफ्टला आरसा असला तर?"

सगळे हसले. मीही. मग मला म्हणाल्या, "कारखान्यात बारा वर्षं माझा चेहरा कुणी बघितला नाही. फक्त हात. इथे समोर उभं राहायला मिळेल म्हणून आले."

गुरुवार, १४ मार्च

ताई आठवडाभर रजेवर. मुलगी बाळंत झाली. ओळ मी एकट्यानेच तपासली.

उकाडा वाढल्यामुळे सोमवारपासून एसी पूर्ण चालू केला आहे. तरी मोजेवाल्या बाईंची कॉलर ओली होती. दोन्ही बाजूंचे चांगले हातभर लांब उभे. इतक्या स्पष्ट खुणा क्वचित मिळतात. मी हलकेच वाकलो, श्वास आत ओढला (हे मी नेहमी करतो, न करून कसं चालेल) आणि लाल शेरा लिहिला. नियमाप्रमाणे शेरा त्या माणसाला तिथेच सांगायचा असतो.

"बाई, अंगाला घामाचा वास येतोय. उद्यापासून लक्ष द्या."

"माझ्या?"

"होतं असं. लाजायचं काही नाही."

त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. दोघेही बुटांकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "बरं, सर," आणि हात अंगाशी घट्ट धरून उभ्या राहिल्या, जणू काहीतरी सांडेल.

दुपारी त्यांना न्याहारीच्या दालनातून काढून भांड्यांकडे पाठवलं. नियमच आहे तसा. मी सौम्यपणे सांगितलं, एवढं समाधान.

शनिवार, १६ मार्च

मोजेवाल्या बाईंचे हात आणि मान लाल झाली आहे, घासून घासून. जेवणाच्या खोलीत त्या दाराजवळ एकट्या बसतात. कुणी शेजारी बसलं की ताट घेऊन उठतात. सकाळच्या ओळीतही आता कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब उभ्या राहतात. वर्गात आज एकही प्रश्न नाही.

घरी सहज म्हणालो, की एकीला फार लागलं बहुतेक. बायकोने विचारलं, "वास होता ना पण?"

"होता."

"कसला?"

"घामाचा."

"हं," एवढंच म्हणून ती चपात्या लाटायला लागली. तिच्या 'हं'ला बावीस वर्षांत मला उत्तर सापडलेलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

जेवणाआधीच लिहायला बसलो.

ओळ मोडल्यावर एका नव्या सामानवाहकाला ताठ उभं कसं राहायचं ते दाखवत होतो. टाचा कपाटाला, खांदे मागे, नजर समोर. दाखवायला म्हणून मधल्या मोकळ्या जागेत, मोजेवाली बाई आधी जिथे उभ्या राहायच्या तिथे, मी स्वतः उभा राहिलो. मिनिटभरात मानेवर गार काहीतरी पडलं. मग आणखी एकदा. हात लावला तर कॉलर ओली.

मिशीवाले काका हसले. "मास्तर, तिथून सरका. एसीच्या नळीचं पाणी गळतं. आम्ही कुणी तिथे उभे राहत नाही."

"कधीपासून?"

"एसी जोरात चालला की गळतंच. दर वर्षीचं आहे. नव्या माणसाला जागा उरते ती तीच. पुढचा नवा येईपर्यंत भिजायचं."

त्या दिवशी बाईंची डाव्या बाजूची कॉलर ओली होती. फक्त डाव्या बाजूची. माणसाला एका बाजूने घाम कसा येईल, एवढंही मला सुचलं नाही. आणि शेजारचे लांब उभे होते ते पाण्यापासून. त्यांच्यापासून नव्हे.

काकांना विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही वास म्हणालात. आम्हाला वाटलं, पाण्याचं वेगळं आणि वासाचं वेगळं. मास्तरांच्या नाकापुढे कोण बोलणार?"

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

बुधवार, २० मार्च

आज मी वाईट काम केलं. कालच्यापेक्षा वाईट. काल निदान मला माहीत तरी नव्हतं.

रात्रभर ठरवलं होतं, की बाईंना खरं सांगायचं. सकाळी पूजेत दोनदा तोच विचार. कोठीच्या दाराशी त्यांना थांबवलं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "बाई, आता काही वास येत नाही हं. अजिबात नाही."

त्यांनी भिंतीला हात टेकला. "गेला? खरंच गेला, सर?"

"गेला."

"दिवसातून तीनदा आंघोळ करते हो. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, कसला वास? मी म्हटलं, तुम्हाला सवय झाली असेल. तो चिडला. आठवडाभर मुलीला जवळ घेतलं नाही मी. ती येऊन बिलगायची, मी ढकलायची. आज घेते." आणि त्यांनी मला हात जोडले. "देव तुमचं भलं करो. बाकी कुणी सांगितलंच नसतं मला."

मी मान हलवली आणि कोठीत शिरलो. चादरींच्या चळतीमागे बराच वेळ उभा होतो. पूर्वी इथे उभं राहिलं की स्वच्छ कापडाचा वास यायचा, आणि देवळात असल्यासारखं वाटायचं. आज नुसत्या चादरी होत्या.

शेरा तसाच आहे. यादीत नाव नाही. आणि आता त्या माझ्या उपकारात आहेत.

शुक्रवार, २२ मार्च

ताई आल्या. नात झाली. पेढे वाटत नव्हत्या इतकंच, बाकी सगळा आनंद वाटत होत्या. मग कार्डं चाळायला बसल्या आणि हसू मावळलं.

"मोजेवालीला वासाचा शेरा? कुणी लिहिला?"

"मीच. दुसरं कोण लिहिणार?"

"मी नव्हते त्या दिवशी!"

"म्हणून काय झालं?"

"कुणाच्या नाकाने लिहिलात, मास्तर?"

मी पेनाला टोपण लावलं. ताईंनी कार्ड खाली ठेवलं. कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आठ दिवस नातीकडे गेले तर इथे एका बाईचं वाटोळं. धन्य आहे."

एक गोष्ट चांगली दिसली. संबंध बैठकीत त्यांना एकदाही खोकला आला नाही. हवापालट मानवला असं म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी घरची वाट धरली.

घरी आल्यावर बायकोला समोर बसवलं. म्हटलं, "एक सांगायचंय. मला वास येत नाही."

"बरं."

"आठ महिने झाले."

"सव्वाआठ," ती म्हणाली. "तुमच्या तापानंतर चौथ्या दिवशी भात करपला आणि तुम्ही 'छान झालाय' म्हणालात. तेव्हापासून गॅसचं बटण मी स्वतः दोनदा बघते. तुम्हाला कधी बघायला सांगितलं?"

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. नाकाबरोबर अब्रूही जाते असं वाटलं असेल तुम्हाला, म्हटलं, राहू दे."

मग मोजेवाल्या बाईंचं सगळं सांगितलं, परवाचं खोटंसुद्धा. शेवटी मी म्हणालो, "रोज देवापुढे कबूल करतो मी. रोज क्षमा मागतो."

"त्याला माहीत नव्हतं का?"

"त्याला सगळं माहीत असतं."

"मग त्याला सांगून काय उपयोग? जिला माहीत नाही तिला सांगा."

गावच्या शाळेत सात वर्षं आणि देवापुढे चाळीस वर्षं बसून मला जे कळलं नाही, ते ती चपातीचं पीठ मळताना बोलली.

रविवार, २४ मार्च

उद्या. नोकरी राहील का माहीत नाही. कोठीत परत घेतील का, तेही माहीत नाही. आणि कोठीत तरी आता माझा काय उपयोग? तरी आज खूप महिन्यांनी जेवण गेलं. वास नाही, पण चव थोडी कळली. मीठ कमी होतं. तसं सांगितलं, तर बायको खूश झाली.

सोमवार, २५ मार्च

सहाला साहेबांच्या खोलीबाहेर उभा राहिलो. ते आले, कोट काढला, मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नाक, ताप, एसीचं पाणी, शेरा. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालं नसतं.

साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "आठ महिने तुम्ही लाल शेरे लिहिलेत. त्यातले खरे किती?"

"माहीत नाही, साहेब."

"माझ्याकडे एकाचीही तक्रार आली नाही, हेच मला समजत नाही." त्यांनी ताईंना बोलावलं. "वासाचा रकाना आजपासून तुमच्याकडे. मास्तर बाकीचे चार बघतील आणि वर्ग घेतील. जमेल?"

"जमेल की," ताई म्हणाल्या. "तसं पहिल्यापासून मीच करतेय."

साहेब हसले. मीही हसलो. ताईंचा स्वभावच गमत्या.

"आणि त्या बाईंचा शेरा?" साहेबांनी विचारलं.

"तो मी ओळीत सांगितला होता," मी म्हणालो. "ओळीतच मागे घेईन."

सहा चाळीसला ओळ लागली. मोजेवाली बाई कोपऱ्यात, जरा बऱ्या दिसत होत्या. मी मधोमध उभा राहिलो. म्हटलं, "मला एक सांगायचंय. मला आठ महिने कसलाच वास येत नाही."

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, धक्का बसला. मग मिशीवाले काका म्हणाले, "बरं, पुढं?"

"पुढं काय? वास येत नाही मला!"

"ते कळलं हो, मास्तर. गुडघ्याचं तेल लावून आलात त्या दिवशी तर भिंतींनाही कळलं."

अख्खी ओळ हसली. मीही हसू लागलो, आठ महिन्यांचं ओझं कुणीतरी खांद्यावरून काढून घ्यावं तसं. आणि हसता हसता माझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. एकट्या बाई हसत नव्हत्या.

हसणं विरलं. मी त्यांच्यासमोर गेलो. म्हटलं, "बाई, तुमच्या अंगाला कधीच वास नव्हता. तुम्ही नळीखाली उभ्या होतात. कॉलर पाण्याने भिजली होती. मी खोटं लिहिलं. आणि बुधवारी 'वास गेला' म्हणालो, तेही खोटं. जे नव्हतं ते जाणार कुठून?"

बाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग त्यांनी ओळीकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मी बघतो तसं.

"यांना येत नाही ते तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

एकदोघांनी कॉलर सारखी केली.

"आणि मी आठवडाभर माझ्या मुलीला ढकलत होते. एकानेही येऊन सांगितलं नाही?"

मिशीवाले काका मिशीवरून हात फिरवत खाली बघत राहिले. ताई पुढे होऊन काही बोलणार होत्या, बाईंनी हातानेच थांबवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही हे आत्ता सांगितलंत. सांगितलेलं हवेत जातं. लिहिलेलं कार्डावर राहतं. लिहा."

ताईंनी कार्ड दिलं. मी जुना शेरा खोडला नाही. खोडला असता तर कुणालाही वाटलं असतं, की दया केली. त्याच्याखाली, त्याच लाल शाईने लिहिलं.

"मोठ्याने वाचा," त्या म्हणाल्या. "तेही मोठ्यानेच होतं."

मी वाचलं, "वरचा शेरा खोटा आहे. तपासणाऱ्याला वास येत नाही. चूक तपासणाऱ्याची."

मग खाली सही केली, तारीख घातली आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं.